आकडी थांबली म्हणून गोळी थांबवू नका

भारतात वेळोवेळी झालेल्या पाहण्यांतून अपस्माराचे प्रमाण हजारी पाचच्या आसपास येते. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी समाजाची पाहणी केली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चालू आजाराचे प्रमाण हजारी ३.६ आढळले; इतर ठिकाणी ते कमीजास्त निघाले. हजारी पाचच्या हिशेबाने श्रीरामपूर तालुक्यातल्या पाच हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस जणांना फिटचा त्रास असणार. गावाला मात्र त्यातले चार-दोनच ठाऊक असतात, कारण बाकीच्यांचा आजार घराच्या उंबऱ्याआड ठेवलेला असतो. आजार लपवायचा म्हटले की गोळीही लपून घ्यावी लागते. मग घरी पाहुणे आले, लग्नाला परगावी गेलो, शेजारी बसायला आले होते, अशा कारणांनी ती चुकत जाते. फिटच्या औषधांबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्यातले बहुतेक शेवटी या चुकण्यापाशीच येऊन थांबते. या औषधांचा गुण ती न चुकता घेण्यात आहे. औषध लागू पडत नाही अशी तक्रार असेल, तर औषध बदलण्याआधी ते रोज पोटात जात होते का, हे पाहिले पाहिजे.

असे ठामपणे म्हणायला आधार आहे. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००० साली निष्कर्ष मांडले. त्यांतले ६३ टक्के रुग्ण उपचारांनी फिटमुक्त झाले. ज्यांनी आधी कोणतेच औषध घेतले नव्हते, त्यांतल्या ४७ टक्क्यांची फिट पहिल्याच औषधाने थांबली. पुढचे दुसरे-तिसरे औषध देऊन त्यात फक्त १४ टक्क्यांची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनाही योग्य औषध मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात असे सांगते. म्हणजे जवळपास निम्म्या रुग्णांचे काम एका साध्या, जुन्या, स्वस्त गोळीने होण्यासारखे असते. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट यांनाही अर्धशतक उलटून गेले. हाताशी इतके काही असताना माणसे पडतात, भाजतात, शाळा सोडतात, याचे कारण गोळीच्या ताकदीत शोधण्यापेक्षा ती पोहोचते कशी, यात शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींना निरोप देतात. एखाद्या भागातल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी बेबंद सुटल्या की फिट येते. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन पेशींचा हा वेग आवरतात, फिनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाला बळ देतात, व्हॅल्प्रोएट एकापेक्षा जास्त वाटांनी काम करते. यांतले कोणतेही औषध आजाराचे मूळ उपटत नाही. ते फिट अडवून धरते, आणि त्यासाठी रक्तात त्याची ठरावीक पातळी दिवसरात्र राहावी लागते. लेव्हेटिरासिटामची रक्तातली मात्रा निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात सहा ते आठ तासांत निम्मी होते. सकाळची गोळी राहिली तर संध्याकाळपर्यंत फारसे काही उरत नाही. फिनोबार्बिटोन तीन-चार दिवस रेंगाळते, म्हणून एक दिवस चुकल्याचे लगेच जाणवत नाही आणि माणूस बेफिकीर होतो. पण ते अचानक पूर्ण बंद केले तर काही दिवसांनी लागोपाठ फिट येण्याचा धोका मोठा असतो. डोकेदुखीच्या गोळीसारखी ही गोळी त्रास झाल्यावर घ्यायची नसते. आज गोळी घेतली म्हणून उद्या बरे वाटले, असा अनुभव ती कधीच देत नाही. तिचा परिणाम म्हणजे काही न घडणे. न घडलेली गोष्ट दिसत नाही, आणि गोळीवरचा विश्वास ढळतो तो इथेच.

श्रीरामपूर आणि आसपासच्या बागायती पट्ट्यात सातत्य मोडण्याची काही कारणे इथल्या जगण्यातून येतात. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, कारखाने आले. त्याबरोबर पाण्याच्या पाळ्याही आल्या. कालव्याचे आवर्तन सुटले की बारी रात्री येवो की पहाटे, भरणे करावेच लागते. शेतीपंपाची थ्री फेज लाइट अनेक ठिकाणी आठवड्याआड रात्रीची असते, तेव्हा मोटर चालू करायला आणि दारे धरायला रात्रभर शेतात राहावे लागते. झोपमोड हे फिट ओढवून घेण्याचे एक पक्के कारण आहे आणि त्याच रात्री साडेनऊची गोळीही घरच्या फडताळात राहते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहाटे बांधावर फिट येते आणि दोष मात्र औषधाला लागतो. ज्याच्या डोक्यावर हा आजार आहे त्याने रात्रीचे भरणे भावावर किंवा गड्यावर सोपवावे, हा सल्ला प्रत्येक घराला परवडणारा नाही हे खरे आहे. पण खिशात दोन गोळ्यांची डबी ठेवणे, मोबाइलवर गजर लावणे आणि रात्र जागून काढली तर सकाळी निवांत झोपणे एवढे तरी कोणालाही जमते. विहिरीत एकट्याने उतरू नये. प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या काठी एकट्याने जाऊ नये, कारण त्या उतारावर शुद्धीतल्या माणसाचाही पाय ठरत नाही.

गळीत हंगामात बीड, पाथर्डी, शेवगावकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, कोप्यांवर राहायचे, पहाटे तीन-चारला उठून फडात उतरायचे, आणि पाच-सहा महिन्यांनी परतायचे. आपल्या गावच्या दवाखान्यातून घेतलेली महिन्याची गोळी इथे येऊन संपते. नवा डॉक्टर जुने कागद मागतो, ते गावी राहिलेले असतात. उचल घेतलेली असल्याने एक दिवसाचा खाडा परवडत नाही. अशा कुटुंबाने निघण्यापूर्वी चिठ्ठीचा आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि शक्य तितक्या दिवसांचा साठा बरोबर घ्यावा. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की सरकारी दवाखाना गाठावा, संपेपर्यंत थांबू नये. औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, या तीन गोष्टी पाठ असल्या तर कोणत्याही तालुक्यातला डॉक्टर त्याच रात्री तेच औषध पुढे चालू ठेवू शकतो. मुकादमाला आणि फडातल्या एका सोबत्याला आजार माहीत असावा. कोयता हातात असताना फिट आली तर काय करायचे, हे कोणीतरी जाणणारे जवळ हवे.

गोळी चुकलीच तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे, कारण औषधागणिक उत्तर थोडे बदलते. साधारण रीत अशी की दिवसातून दोनदा घ्यायची गोळी पाच-सहा तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर तिचीच वाट पाहावी. दोन वेळच्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली आणि तीत गोळी अख्खी दिसली, तर पुन्हा घेता येते. जुलाब-उलट्या दिवसभर चालल्या तर मात्र दवाखाना गाठावा, कारण त्या दिवशी औषध अंगाला लागलेले नसते. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटून, चावून देऊ नयेत. लहान मुलाला गोळी गिळता येत नसेल तर सिरप मागावे. बाटली दरवेळी हलवावी आणि मापाच्या पिचकारीने किंवा झाकणाने द्यावे. घरातला चमचा एकसारखा नसतो. उपवास असला तरी गोळी पाण्याबरोबर घ्यावीच. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून सहरी आणि इफ्तारच्या वेळांत मात्रा बसते का ते ठरवावे. बसत नसेल तर आजारी माणसाला धर्माने दिलेली सूट घ्यावी.

मात्रेबद्दलची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे फेनिटॉइन सर्रास दिले जाते, आणि या औषधाचा हिशेब सरळ चालत नाही. यकृत ते एका मर्यादेपर्यंतच निकामी करू शकते. ती मर्यादा भरली की वरची थोडी मात्राही रक्तात साचत जाते. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्याने एक फिट आली म्हणून स्वतःहून आणखी १०० ची एक गोळी वाढवली, तर मात्रा वाढते एक तृतीयांशाने, पण रक्तातली पातळी दुपटीहून वर जाऊ शकते. मग माणूस दारू प्यायल्यासारखा झुलत चालतो, जीभ जड होते, डोळ्यांची बुबुळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात. घरच्यांना वाटते आजार डोक्यात चढला. प्रत्यक्षात ते औषधाचे ओझे असते आणि मात्रा कमी केल्यावर उतरते. फेनिटॉइनची रक्तातली पातळी तपासता येते. दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही तिची सर्वसाधारण मर्यादा आहे. गोळ्या रोज घेऊनही फिट येत असेल, किंवा चाल बिघडली असेल, तेव्हा ही तपासणी अंदाजाने औषध बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. याच औषधाने हिरड्या फुगतात. रोज दोनदा नीट दात घासल्याने ते बरेच आवरते, पण तरुण मुलीच्या बाबतीत डॉक्टरांना सांगून दुसरा पर्याय पाहणे रास्त आहे.

या सगळ्यावर घरोघरी एक मोठा आक्षेप असतो: इतकी वर्षे गोळ्या खाऊन मेंदू मंद होणार नाही का, सवय लागणार नाही का? आक्षेप निराधार नाही. फिनोबार्बिटोनने काही मुले सुस्त किंवा चिडखोर होतात, टोपिरामेटने शब्द सुचत नाहीत, लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव तिरसट होतो, व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. टोपिरामेट आणि झोनिसामाइडने घाम कमी येतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ही औषधे घेणारे मूल दुपारी खेळत राहिले तर अंग तापते. म्हणून त्याला पाणी आणि सावली द्यायची आठवण ठेवावी. हे परिणाम सोसत बसायचे नसतात, डॉक्टरांना सांगायचे असतात. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहावे. पुन्हापुन्हा येणाऱ्या मोठ्या फिट मेंदूला इजा करतात, शाळेतले लक्ष उडवतात, हाडे मोडतात. अपस्मार असलेल्या प्रौढांत हजारात सुमारे एकाचा दरवर्षी आकस्मिक मृत्यू होतो, आणि मोठ्या फिट चालू राहणे हा त्यातला सर्वांत मोठा जोखमीचा घटक आहे. मंदपणा गोळीचा की फिटचा, हे तोलल्याशिवाय गोळीला दोष देणे चुकीचे ठरेल. सवयीचे म्हणाल तर फिनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम एकदम तोडली की शरीर बंड करते हे खरे आहे. त्यावर उपाय ती हळूहळू उतरवणे हा आहे, ती सुरूच न करणे हा नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. दोन-तीन वर्षे फिट आली नाही, आता कशाला? ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला आणि १९९१ साली प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे फिट नसलेले १,०१३ रुग्ण त्यात होते. निम्म्यांची औषधे हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. दोन वर्षांनंतर औषध चालू असलेल्यांतले ७८ टक्के फिटविना होते, बंद केलेल्यांतले ५९ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. बंद करूनही निम्म्याहून अधिक लोक चांगले राहिले. म्हणजे गोळी जन्मभराची असते असे सरसकट म्हणता येत नाही. पण दर शंभरात एकोणीस जणांना औषध सोडल्याची किंमत मोजावी लागली. आपण कोणत्या गटात जाऊ हे आजाराचा प्रकार, मेंदूचा स्कॅन, मेंदूचा आलेख आणि आधी किती फिट आल्या यांवरून डॉक्टर काहीसे सांगू शकतात. आपल्याकडे मेंदूत फीतकृमीच्या अळीची एकच लहान गाठ होऊन फिट सुरू होण्याचे प्रमाण बरेच आहे, आणि न धुतलेल्या भाजीतून या कृमीची अंडी शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात. ती गाठ पूर्ण विरघळली तर औषध तुलनेने लवकर थांबवता येते. याउलट काही प्रकार, विशेषतः वयात येताना सकाळी उठल्यावर हात झटकण्याने सुरू होणारा, गोळी सोडली की बहुधा परत येतात. उतरवायचीच ठरली तर अनेक आठवडे, कधी महिने घेऊन, टप्प्याटप्प्याने. आणि त्या काळात मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि पोहणे बंद. ट्रॅक्टरशिवाय काम अडते हे मान्य, पण वाहन परवान्याच्या अर्जातल्या स्वघोषणेत फिटबद्दल प्रश्न विचारलेला असतो तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठीही.

आता स्वस्त गोळीचा प्रश्न. जनऔषधी केंद्रातली गोळी कमअस्सल असते, असा समज पक्का आहे, आणि उलट बाजूने सगळ्या गोळ्या सारख्याच असतात, असे सांगणारेही आहेत. मला दोन्ही अपुरे वाटते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ साली फिटच्या औषधांची तीन गटांत विभागणी केली. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन यांच्या बाबतीत रुग्णाला एकाच कंपनीची गोळी मिळत राहावी असे सांगितले, लेव्हेटिरासिटामच्या बाबतीत मात्र कंपनी बदलल्याने सहसा बिघडत नाही असे म्हटले. यातून आपल्यासाठी सरळ रीत निघते. स्वस्त गोळी घ्यायला हरकत नाही, पण जी घ्याल ती तीच ठेवा. दर महिन्याला मेडिकलवाला शिल्लक असेल ती देतो, ते फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनच्या बाबतीत चालवून घेऊ नका. गोळीचा रंग, आकार किंवा पट्टी बदललेली दिसली तर घरी नेण्याआधी काउंटरवरच विचारा. परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करून घेण्यापेक्षा, परवडेल असे जुने औषध डॉक्टरांकडे स्वतः मागणे केव्हाही चांगले. त्यात कमीपणा नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, फिनोबार्बिटोन ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

एकाच घरात दुसरे आजारही असतात, आणि इथे चूक सहज होते. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांची पातळी चढवू शकते, तर रिफॅम्पिसिन अनेक औषधांची पातळी पाडते. क्षयाची गोळी सुरू होताना आणि संपताना दोन्ही वेळा फिटच्या डॉक्टरांना कळवावे. सिप्रोफ्लोक्सासिनच्या जातीची प्रतिजैविके आणि दुखण्यावरचे ट्रामाडॉल फिटची शक्यता वाढवतात. मेडिकलवरून ताप किंवा कंबरदुखीची गोळी मागताना आधी फिटच्या गोळीचे नाव सांगावे. रुग्णालयात भरती असताना मेरोपेनेमचे इंजेक्शन दिले तर व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने कोसळते. ही माहिती नातेवाइकाने दिली तर डॉक्टर चिडणार नाहीत. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असे दिसले तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही दुर्मीळ पण जिवावर बेतणारी प्रतिक्रिया असते, आणि एका जनुकीय खुणेमुळे काही आशियाई लोकांत कार्बामाझेपिनबाबत तिचा धोका जास्त आढळतो. गोळी स्वतःहून थांबवू नये या नियमाला हा एक अपवाद आहे.

स्त्रियांच्या बाबतीत जो बेफिकीरपणा आपल्या समाजात चालतो तो सहन करण्यासारखा नाही. लग्न ठरवताना आजार लपवला जातो, सासरी गोळी उघड्यावर घेता येत नाही, गोळी सुटते आणि पहिली फिट सर्वांसमोर येते. मग फसवणूक झाली म्हणून तिला माहेरी पाठवले जाते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. आज कायद्याने हा आजार लग्नाच्या आड येत नाही. म्हणून आधी सांगून टाकणे सुरक्षित आहे, आणि गोळी चालू राहण्याचा तोच एक मार्ग आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या संवेदना फाउंडेशनसारख्या गटांनी अपस्मार असलेल्यांना एकत्र बसवून हा संकोच मोडण्याचे काम केले आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात अशा बैठकीची गरज कमी नाही.

गरोदरपणाचा मुद्दा त्याहून तातडीचा. सोडियम व्हॅल्प्रोएट घेत असताना दिवस राहिले तर शंभरात सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते, एरवी ते दोन-तीन असते. युरोपीय औषध संस्थेच्या म्हणण्यानुसार अशा मुलांपैकी ३० ते ४० टक्क्यांत वाढीचे, बोलण्याचे, शिकण्याचे प्रश्न दिसतात. वयात आलेल्या मुलीला दुसरा पर्याय असताना हे औषध देऊ नये. दिलेच असेल तर मूल होऊ देण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलावे. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम हे त्या मानाने सुरक्षित समजले जातात. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करावी. पण समजा दिवस राहिले आणि व्हॅल्प्रोएट चालू आहे, तर घाबरून ते एकदम बंद करू नये. बेशुद्ध करणारी फिट आईला आणि बाळाला दोघांनाही मारू शकते. त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा, लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय श्रीरामपूरकरांना फार लांब नाही. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन घेणाऱ्या स्त्रीला गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण या औषधांनी त्यांचा असर कमी होतो. तांबी हा पर्याय अशा वेळी भरवशाचा आहे. बाळाला अंगावर पाजणे बहुतेक औषधांत चालते, ते बंद करायची घाई करू नये.

अंगारा, भगत, देवऋषी यांच्याकडे जाणाऱ्या घरांवर केवळ रागावून उपयोग होत नाही. फिट बहुधा आपोआप थांबते, एक-दोन मिनिटांत, म्हणून त्या वेळी जे केले त्याला यश मिळाल्यासारखे वाटते. कांदा हुंगवला, चप्पल नाकाशी धरली, किल्ली हातात दिली, आणि फिट थांबली. ती तशीही थांबणारच होती. जाणाऱ्याने जावे, पण गोळी घेऊन जावे, एवढी अट घरातल्या जाणत्या माणसाने घालावी. पुड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या फिटच्या गोळ्या आणि पुड्यांत तपासणीनंतर फिनोबार्बिटोनसारखी आधुनिक औषधे सापडल्याची प्रकरणे देशात उघड झालेली आहेत. अशा पुडीने गुण येतो, कारण तिच्यात गोळीच असते. फक्त तिची मात्रा कोणालाच माहीत नसते, आणि पुडी संपली की ती अचानक बंद होते. ज्या औषधाच्या पाकिटावर त्यातले घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेले नाहीत, ते फिटच्या रुग्णाने घेऊ नये.

फिट येत असताना तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवावे, डोक्याखाली टॉवेल घालावा, गळ्याजवळचे कपडे सैल करावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्यावे. ज्यांना अशा लांबलेल्या फिट आधी आल्या आहेत, त्यांनी नाकात मारण्याचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरी ठेवावा आणि तो कसा मारायचा हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. त्याची मात्रा वजनावर ठरते, दुसऱ्या रुग्णाचा अंदाज लावू नये. फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरला अनेक तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातो, कारण प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन झटक्यांच्या काही प्रकारांत फिट वाढवतात.

औषध लागू पडत नाही असे वाटत असेल तर पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना महिन्याभरातल्या रिकाम्या पट्ट्या, उरलेल्या गोळ्या आणि फिट आल्याच्या तारखा वहीत लिहून बरोबर न्या. कोणत्या दिवशी गोळी चुकली, कोणत्या रात्री भरणे होते, कधी उपवास होता, तेही त्याच वहीत असू द्या. डॉक्टरने नुसते नवे औषध लिहून दिले तर, आधीची गोळी किती दिवस आणि किती मात्रेत घेतली होती, हे त्यांना आपणहून सांगा आणि त्यांनी ऐकून घेईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.